एका फाटकात तीन चुली अन् पत्रपेटी एकच

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. वाडा जुना, फाटक एक, आत तीन भावांच्या तीन चुली. फाटकावर सासऱ्यांनी लावलेली टिनाची पेटी आहे, किल्ली मोठ्या भासऱ्यांकडे, म्हणजे थोरल्या दिरांकडे. मार्चमध्ये शेजारच्या शेतकऱ्यानं वावराची मोजणी लावली. तिची नोटीस ताईंच्या यजमानांच्या नावानं स्पीड पोस्टानं आली. पोस्टमननं फाटकात हाक मारली, भासऱ्यांच्या मोठ्या मुलानं सही करून पाकीट घेतलं, छपरीत पंचांगाखाली ठेवलं आणि विसरला. मोजणी होऊन गेली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नवे दगड दिसले तेव्हा घरात बोंब झाली. ताईंचे प्रश्न तीन: चूक कोणाची, पोस्टमननं नोटीस यांच्याच हातात द्यायला नको होती का, आणि आपली वेगळी पेटी लावायला परवानगी लागते का?

ताई, मी आधी डाक वाटली, मग शाखा डाकपाल झालो आणि पासष्टी झाल्यावर थैली खाली ठेवली. असे वाडे मी पुष्कळ पाहिले. शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. स्वतःच्या घराच्या भिंतीवर, दारावर, फाटकावर पेटी लावायला पोस्टाची परवानगी लागत नाही, अर्ज नाही, फी नाही. तीन चुली असतील तर तीन पेट्या लावा. फाटक सामाईक आहे म्हणून भासऱ्यांना विचारा, ते घरातल्या रीतीचं झालं. पोस्टाला फक्त पेटीवर नाव दिसलं पाहिजे.

पण खरं सांगू का? तुम्ही तेव्हाच वेगळी पेटी लावली असती तरी ही नोटीस तिच्यात पडली नसती. पेटी असते साध्या डाकेसाठी: पोस्टकार्ड, आंतरदेशीय, साधं पाकीट, मासिक, लग्नपत्रिका. सही घेऊन द्यायची वस्तू पेटीत टाकायची नसते. ती दारात हाक मारून माणसाच्या हातात द्यायची असते. लोक पेटीवरून भांडतात, आणि नुकसान होतं ते बहुतेक सहीच्या पाकिटात.

पूर्वी रजिस्ट्री आणि स्पीड पोस्ट या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. रजिस्ट्री माणसाच्या नावाला बांधलेली. ज्याचं नाव त्याला किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला द्यायची. स्पीड पोस्ट पत्त्याला बांधलेलं. त्या पत्त्यावर जो घेईल त्याला दिलं की पोचलं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्ट्री स्पीड पोस्टात मिसळून टाकली. त्यानंतर ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टावर जादा ५ रुपये आणि जीएसटी भरून ‘नोंदणी’ घेता येते. ती घेतली तर पाकीट नावाच्याच माणसाला किंवा त्यानं अधिकार दिलेल्याला द्यायचं. तेवढ्याच पैशात ओटीपीची सोयही आहे, पाकीट घेणाऱ्याच्या मोबाईलवर आकडा येतो, तो सांगितल्याशिवाय पाकीट मिळत नाही. पण या दोन्ही गोष्टी पाठवणाऱ्यानं घ्यायच्या असतात. कचेरीनं साधं स्पीड पोस्ट केलं असेल तर पोस्टमन पत्ता पाहतो. पत्त्यावर वाडा लिहिलेला, वाड्यातल्या मोठ्या मुलानं सही दिली, त्याचं काम झालं. आडनाव एक, फाटक एक. आत कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे हे त्याला माहीत असलं तरी ते धरून त्याला चालता येत नाही.

हे आजचं नाही. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात लिहूनच ठेवलं होतं की पत्र त्या माणसाच्या घरी दिलं, त्याच्या हातात दिलं, किंवा नेहमीच्या रीतीनं त्याच्यासाठी घेणाऱ्या माणसाच्या हातात दिलं, तर ते त्यालाच दिलं असं धरायचं. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा आला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. नव्यातही पोस्टाच्या माणसावर जबाबदारी येते ती त्यानं लबाडी केली किंवा जाणूनबुजून पत्र हरवलं, उशीर केला, भलत्याला दिलं तरच. तुमच्या पोस्टमननं यातलं काही केलं नाही. त्यानं सही न घेता नोटीस पेटीत टाकली असती, तर मी तुमच्या बाजूनं बोललो असतो.

मग चूक कोणाची? पुतण्याची आहे, पण विसरण्याची. लबाडीची म्हणता येत नाही. आणि थोडी तुमचीही. वाटणी होऊन किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलं नाही, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, तुमच्या घराचा क्रमांक वेगळा लागला आहे का ते आधी पाहा. पुष्कळ वाड्यांत वावराच्या वाटण्या होतात, सातबारे वेगळे होतात, आणि घर मात्र मेलेल्या सासऱ्यांच्या नावानं एकाच क्रमांकात राहतं. कचेरीतल्या कागदावर पत्ता तोच जातो. कर वेगळा भरायचा नाही म्हणून घर वेगळं करत नाहीत, आणि मग नोटीस भलतीकडे गेली म्हणून रडतात, हे मी फार पाहिलं.

आता मोजणीचं. नोटीस घरात आली आणि कोणीतरी घेतली, की कचेरी ती बजावली असं धरते. जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २७ आहे, १८९७ चं: बरोबर पत्ता घालून, पैसे भरून, नोंदवून टाकलेलं पत्र नेहमीच्या वेळेत पोचलं असं मानायचं. पण हा कयास आहे, खोडून काढता येतो. पुतण्यानं घेतली आणि आमच्यापर्यंत आली नाही हे तो स्वतः लिहून देत असेल तर ते घ्या. पाकिटावरचा तेरा अक्षरांचा नंबर टाकला की कोणत्या तारखेला वाटप झालं ते दिसतं, त्याची प्रत काढा. आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत जाऊन निमताना मोजणीचा अर्ज टाका. पहिल्या मोजणीवर हरकत असली की वरचा अधिकारी येऊन पुन्हा मोजतो, ती ही. पेरणीच्या आधी झाली तर बरं, एकदा कपाशी डोक्याएवढी झाली की मोजणार कुठून? शेजाऱ्याशी भांडू नका, त्यानं रीतीनं मोजणी लावली आहे.

इथंच एक उलटी गोष्ट सांगून ठेवतो, कारण पाकीट घेतलंच नाही म्हणजे सुटलो असं आपल्याकडे लोकांना वाटतं. आमच्या भागात एक खता-बियाण्याचा व्यापारी होता. त्याचे चेक परत जायचे, वकिलांच्या नोटिशा यायच्या. पोस्टमनची सायकल दिसली की हा मागच्या दारानं सांदवाडीतून बाहेर. बायको सांगायची, “नाई बाप्पा, थे तं गावाले गेले.” सात दिवस पाकीट डाकघरात ठेवायचं, दारावर चिठ्ठी सोडायची, मग शेरा मारून परत पाठवायचं. एकदा तो दारातच सापडला आणि म्हणाला, “मले नाई घ्या लागत.” मी ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारला. त्याला वाटलं जिंकलो. कोर्टानं नोटीस मिळाली असं धरलं, पैसे भरायची पंधरा दिवसांची मुदत त्याच दिवसापासून मोजली. नाकारलेलं पाकीट मिळालेलंच असतं. उलट आत काय आहे तेही कळत नाही.

आता सामाईक पेटीची जबाबदारी. हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण खरी गोम तिथंच आहे. ज्याच्या हातात किल्ली त्याच्याकडे दुसऱ्याची ठेव असते. पेटी भासऱ्यांची असेल, पत्र ज्याच्या नावाचं त्याचंच. कुटुंबप्रमुख म्हणून सगळ्यांची पत्रं फोडायचा हक्क कोणालाही नाही. सुनेचं नाही, अठरा वर्षांच्या पुतणीचंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो सरकारविरुद्धचा म्हणून वकील वाद घालतील, घालू द्या. घरात पुरेसं आहे एवढंच की कोणाचं पत्र कोणी उघडत नाही. चुकून उघडलंच तर पाकिटावर ‘चुकून उघडले’ लिहायचं, खाली सही आणि तारीख, आणि त्याच दिवशी ज्याचं त्याला. आमच्याकडे लोक उघडून पुन्हा भाताच्या डिंकानं चिकटवतात. चिकटवलेलं कळतं, आणि मग साधी चूक चोरीसारखी दिसते.

भलत्याच गावचं पत्र पेटीत आलं तर ते पोस्टमनला परत द्या, किंवा ‘चुकून आले’ लिहून लाल पेटीत टाका. ठेवून घेऊ नका. जुन्या कायद्याच्या कलम ६८ मध्ये दुसऱ्याचं टपाल दडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या पोस्ट कायद्यात ती शिक्षा राहिली नाही, पण म्हणून मोकळं रान झालं असं नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, दुसऱ्याची वस्तू लबाडीनं गिळण्याचं ३१४ आहे. एटीएम कार्डाचं पाकीट दडवून पैसे काढले की ठाण्यात तेच कामी येतं. पंचांगाखाली विसरलेल्या नोटिशीसाठी मात्र ठाण्यात जाऊ नका ताई. पुतण्या उद्या तुमच्याच ट्रॅक्टरवर बसणार आहे.

किल्लीचं एक साधं सांगतो. एका पेटीला एक किल्ली नको, जितक्या चुली तितक्या किल्ल्या. पेटी रोज उघडायची, सहसा ज्याचं घर फाटकाजवळ त्यानं. आलेलं टपाल छपरीत तीन खुंट्यांवर तीन पिशव्यांत टाकायचं, कपड्याच्या का असेनात. सहीचं पाकीट ज्यानं घेतलं त्यानं त्याच दिवशी हातात द्यायचं किंवा फोन करायचा. वेचणीच्या दिवसांत सारे वावरात असतात, घरात म्हातारी आणि लहान पोरं. तेव्हा पोस्टमनला सांगून ठेवा, सहीचं काही आलं तर म्हातारीकडे देऊ नका, चिठ्ठी सोडा, आम्ही संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी डाकघरात येऊन घेऊ. शाखा डाकघर चार-पाच तासच उघडं असतं, वेळ विचारून जा. आणि तुम्हाला हवं तर लेखी द्या: अमुक-अमुक यांच्या नावाचं सहीचं टपाल अमुक व्यक्तीलाच द्यावं, खाली सही. शाखा डाकपाल तो कागद जपून ठेवतो, नवा पोस्टमन आला तर दाखवतो. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं.

गावात पत्रं पानठेल्यावर, किराणा दुकानात, ग्रामपंचायतीत ठेवून देण्याची चाल आहे. मीही केलं आहे, लपवत नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं गुडघाभर चिखल, त्यात पलीकडच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, दोन पत्रं. दुकानदाराला म्हणायचं, त्यांचं कोणी मीठ-तेल न्यायला आलं की दे. एकदा त्यात एका पोरीचं बोलावण्याचं पत्र होतं आणि दुकानदार आठ दिवस तेरवीला गेला होता. पोरगी वेळेवर पोचली नाही. तिच्या आईनं मला एक शब्द बोलला नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून पोडावर मी शाळेच्या भिंतीला एक पेटी लावून दिली, तिघांकडे किल्ल्या, आणि सहीचं असलं तर चालत जायचो. दुकानात ठेवायला तुम्ही स्वतः सांगितलं असेल तरच ते पत्र पोचलं असं धरता येतं. सांगितलं नसेल तर पोस्टमनला विचारा, शरमू नका.

पेटी कशी असावी हे लोक विचारत नाहीत, आणि सगळ्यात जास्त पत्रं त्यातच खराब होतात. तेलाचा पिपा कापून केलेली पेटी स्वस्त पडते, चालते, पण धार वाकवून घ्या, पोस्टमनची बोटं कापतात. चीर निदान २५ सेंटीमीटर रुंद हवी, नाहीतर मोठं पाकीट दुमडून कोंबावं लागतं. चिरेवर टिनाची वळचण, बुडाला दोन-तीन भोकं, म्हणजे जुलै-ऑगस्टची झड लागली तरी पाणी साचत नाही. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, आणि तोंड पावसाच्या बाजूला नको. लाकडी असेल तर उधई, म्हणजे वाळवी, लागते. मी एका घरी उघडली तर विम्याच्या पावत्यांची माती झालेली. गांधीलमाशा तर हमखास. वैशाखात एका पेटीत हात घातला आणि चार दिवस हात सुजून डबलरोटी. कुत्रं बांधून ठेवा हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

रंग लाल देऊ नका! आमच्या गावात एका शिक्षकानं हौसेनं पोस्टासारखी लाल पेटी दाराला लावली. रक्षाबंधनाच्या आधी एक म्हातारी आली आणि तिनं पुण्यातल्या भावासाठी राखीचं पाकीट तिच्यात टाकलं. शिक्षक सुट्टीत सासुरवाडीला. पाकीट पोळा झाल्यावर सापडलं. पोस्टाच्या लाल पेटीत पत्र टाकलं की ते पोस्टाचं होतं, तुमच्या पेटीत टाकलं की कोणाचंच नाही.

नाव लिहिताना घराण्याचं आडनाव लिहून भागत नाही, वाड्यात सगळे त्याच आडनावाचे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि बायकोचंही. ताई, तुमचं नाव पेटीवर लिहा. बचत गटाचं, बँकेचं, आधारचं पत्र तुमच्या नावानं येतं आणि नवा पोस्टमन विचारत फिरतो. खाली घर क्रमांक आणि पिन. विदर्भाचे पिन ४४ नं सुरू होतात, यवतमाळ जिल्ह्याचे ४४५ नं. आपल्याकडे पिंपळगाव, वडगाव, लोणी किती आहेत ते मोजून पाहा, मग पिनचं मोल कळेल. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर नावाचा आपलाच मराठी माणूस होता, संस्कृतात कविता करणारा. वावरातच घर बांधून राहणाऱ्यांसाठी पोस्टानं २०२५ मध्ये डिजिपिन काढला आहे, दहा अक्षरांचा, चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. तो पिनच्या जागी नाही, जोडीला आहे. काढून ठेवा, फुकट आहे. पण पोस्टमनला अजून चिंचेच्या झाडाची खूणच लवकर कळते.

पुण्या-मुंबईला गेलेल्या दिराचं टपाल येत असेल तर त्यानं डाकघरात पत्ता बदलाचा अर्ज द्यायचा. तुम्ही पाकिटावर नवा पत्ता लिहून परत दिलं तरी पोस्टमन पुढे पाठवतो. सासऱ्यांच्या नावानं अजून येत असेल तर ‘मयत’ लिहून परत करा आणि पाठवणाऱ्या बँकेला कळवा. फाडून चुलीत घालू नका, त्यात कधी विम्याचं निघतं.

तक्रार करायचीच वेळ आली तर आधी तुमच्या शाखा डाकपालाशी बोला, मग उपडाकघर, मग विभागाचे अधीक्षक. १८००-२६६-६८६८ हा पोस्टाचा फुकटचा नंबर आहे. पाकिटाचा नंबर हाताशी असल्याशिवाय फोन करू नका, तिकडून पहिला प्रश्न तोच येतो.

तुमच्या बाबतीत मी एवढंच करीन: आधी निमतानाचा अर्ज, मग नमुना ८, मग पेटी. पेटी लावायच्या दिवशी भासऱ्यांना हाक मारा आणि खिळा त्यांच्या हातानं ठोकून घ्या. जुन्या पेटीची एक किल्ली मागून घ्यायला तेव्हा सोपं जाईल.